ओएस ओळखणारे मॅक्रो: कंपायलरसोबत फुकट मिळतात, पण कितपत पुरतात?

सी किंवा सी++ चा कोणताही कंपायलर आपल्या सोर्सची पहिली ओळ वाचण्याआधीच कितीतरी मॅक्रो, म्हणजे कोडमध्ये वापरता येणारी ठरावीक नावं आणि त्यांच्या किमती, स्वतः डिफाइन करून बसलेला असतो. प्रोसेसर कोणता, इंट किती बाइटचा, भाषेचं स्टँडर्ड कोणतं आणि हा प्रोग्राम कोणत्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी बनतोय, हे सगळं त्यात असतं. हे परीक्षण यातल्या शेवटच्या गटाचं. वेगळं इन्स्टॉल काही करायचं नाही, लायब्ररी जोडायची नाही, रनटाइमला एक सायकलही खर्च होत नाही. तरी पोर्टिंगला, म्हणजे प्रोग्राम दुसऱ्या सिस्टमवर न्यायला, बसलं की पहिली ठेच बहुधा इथेच लागते. मॅक्रो खोटं बोलत नाहीत. ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतात तो प्रश्न आपण नीट वाचलेला नसतो.

पुढे मॅक्रोंची नावं देवनागरीत आहेत, अंडरस्कोर मात्र जिथल्या तिथे आहेत. टाइप करताना विन, ॲपल, मॅक, अँड्रॉइड, सिगविन, एमस्क्रिप्टेन आणि टार्गेट ही सगळी मोठ्या लिपीत. लिनक्स, युनिक्स, सन, वासी लहान लिपीत. बीएसडी मंडळी मिश्र: फ्री, नेट, ओपन यांचं पहिलं अक्षर मोठं, उरलेली लहान आणि बीएसडी पुन्हा मोठं. इथे एक अक्षर चुकलं तर कंपायलर एरर देत नाही. अनोळखी मॅक्रो म्हणजे 'डिफाइन नाही' एवढंच तो धरतो आणि मुकाट इफ-एल्सच्या पुढच्या फाट्याला जातो. या मालाचा सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो मूळ रचनेतलाच आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. हे मॅक्रो टार्गेट (प्रोग्राम जिथे चालणार ती सिस्टम) सांगतात, होस्ट (जिथे तो बनतोय ती) नाही. लिनक्सच्या मशीनवर बसून मिनजीडब्ल्यूने, म्हणजे जीसीसी कंपायलरच्या विंडोजसाठीच्या रूपाने, विंडोजची एक्झी बनवली तर `_विन३२` डिफाइन होतो, `__लिनक्स__` होत नाही. हे बरोबरच आहे. गोंधळ होतो तो बिल्डच्या मधेच चालणाऱ्या छोट्या जनरेटर प्रोग्राममुळे. टेबल किंवा हेडर तयार करणारा असा प्रोग्राम होस्टच्या कंपायलरने बनतो, म्हणून त्यातले मॅक्रो होस्टचे असतात. त्याने ओएस बघून आउटपुट बदललं तर चुकीच्या सिस्टमचं टेबल प्रॉडक्टमध्ये जाऊन बसतं, आणि क्रॉस-कंपायल केल्याशिवाय ही चूक कधीच दिसत नाही.

विंडोजचं खातं त्यातल्या त्यात स्वच्छ आहे. `_विन३२` हा एकच मॅक्रो लक्षात ठेवला तरी काम भागतं. तो ३२-बिट, ६४-बिट, इंटेल, आर्म अशा सगळ्या विंडोज टार्गेटवर १ असतो. नावातला ३२ हा आकडा बिटांचा नव्हे, एपीआयच्या नावाचा. नव्या लोकांची नेहमीची चूक म्हणजे आधी `_विन३२` तपासायचा आणि एल्स-इफमध्ये `_विन६४`. दुसरा फाटा कधीच चालत नाही, कारण ६४-बिटला दोन्ही डिफाइन असतात आणि पहिलाच फाटा घेतला जातो. ६४-बिट वेगळं काढायचंच असेल तर ती तपासणी `_विन३२`च्या आत करावी.

अंडरस्कोर नसलेला साधा `विन३२` मात्र टाळावा. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर तो स्वतःहून देत नाही. व्हिज्युअल स्टुडिओच्या जुन्या प्रोजेक्ट टेम्प्लेटमधून तो कमांड लाइनवर यायचा, म्हणून तो कंपायलरचाच आहे असा समज पसरला. मिनजीडब्ल्यू तो देतो, पण फक्त जीएनयू मोडमध्ये, म्हणजे कंपायलरच्या स्टँडर्डबाहेरच्या जोडण्या चालू असताना. स्टँडर्डचा कडक पर्याय लावला की गायब. म्हणजे एखाद्याने कंपायलर फ्लॅग बदलला तर तुमचा कोड विंडोजवर असूनही स्वतःला लिनक्सवर समजू लागतो. `__मिनजीडब्ल्यू३२__` बद्दलही तेच लक्षात ठेवावं: तो ६४-बिट मिनजीडब्ल्यूतही असतो. आणि `_एमएससी_व्हर` ही ओएसची खूण नाही, कंपायलरची आहे. विंडोज ओळखायला तो वापरला की मिनजीडब्ल्यूवाले बाहेर पडतात.

विंडोजची आवृत्ती हवी म्हणून लोक `_विन३२_विनएनटी`कडे वळतात आणि तिथे उलटा घोटाळा होतो. हा कंपायलरने दिलेला मॅक्रो नव्हे, तो आपण द्यायचा असतो. मागे विंडोज ७ पर्यंत चालायला हवं असेल तर ०एक्स०६०१, विंडोज १० साठी ०एक्स०ए००, आणि तोही विंडोजचं हेडर घेण्याआधी. न दिल्यास एसडीके (विंडोजचा डेव्हलपर संच) स्वतःच्या मर्जीने डीफॉल्ट धरतो. बिल्ड झालेल्या मशीनवर कोणती विंडोज आहे याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

सिगविन, म्हणजे विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणारी प्रणाली, ही सीमारेषेवरची वसाहत. तिथला जीसीसी `__सिगविन__` आणि `__युनिक्स__` देतो, `_विन३२` देत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण सिगविनचा प्रोग्राम पॉझिक्सच्या, म्हणजे युनिक्सच्या सामायिक स्टँडर्डच्या, नजरेने लिहिलेला असतो. पण जीसीसीला डॅश-एमविन३२ हा पर्याय दिला की विंडोजचे मॅक्रोही हजर होतात. म्हणून सिगविनची तपासणी विंडोजच्या आधी ठेवावी.

लिनक्सकडे आलो की `__लिनक्स__` वापरायचा, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोरसह. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर जुन्या सवयीने नुसता `लिनक्स` हा मॅक्रोही देतात आणि त्याची किंमत १. जीसीसी डीफॉल्टने जीएनयू मोडमध्ये चालतो, म्हणून कोणताही फ्लॅग न देता हा मॅक्रो तुमच्या कोडमध्ये जिवंत असतो. इंट लिनक्स = ०; असं व्हेरिएबल घेऊन बघा: प्रीप्रोसेसर (कंपायलच्या आधी मॅक्रोंच्या जागी किमती घालणारा भाग) त्याचं इंट १ = ०; करतो आणि एरर येते की अंकाच्या आधी आयडेंटिफायर हवा होता. ही निदान दिसते तरी. पाथच्या बाबतीत तीही सोय नाही. कमांड लाइनवरून /ऑप्ट/लिनक्स/शेअर हा पाथ कोट न लावता मॅक्रो म्हणून दिला आणि आत नेहमीच्या दोन पायऱ्यांच्या स्ट्रिंगिफाय मॅक्रोने त्याची स्ट्रिंग केली, तर हातात /ऑप्ट/१/शेअर येतं. कंपायल बिनबोभाट होतं आणि प्रोग्राम चालवल्यावर फाइल सापडत नाही. `युनिक्स` आणि `आय३८६` हेही याच जातीचे.

उपाय दोन. कमांड लाइनवर डॅश-मोठा-यू देऊन तो एक मॅक्रो काढून टाकायचा, किंवा सी१७ सारखा कडक स्टँडर्ड लावायचा. दुसऱ्या उपायाचा साइड-इफेक्ट माहीत हवा: कडक मोडमध्ये जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, पॉझिक्सची फंक्शनं हेडरमधून झाकून ठेवते. मग फंक्शन डिक्लेअर नसल्याच्या तक्रारी येतात आणि `_पॉझिक्स_सी_सोर्स` ला २००८०९एल ही किंमत किंवा `_डीफॉल्ट_सोर्स` आधीच द्यावा लागतो, पहिल्या इन्क्लूडच्या वर. खाली दिला तर उपयोग नाही, कारण पहिल्या सिस्टम हेडरनेच निर्णय घेऊन टाकलेला असतो.

`__लिनक्स__` कर्नल सांगतो, डिस्ट्रिब्युशन नाही आणि सी लायब्ररीही नाही. जीलिबसी ओळखायला त्या लायब्ररीचं हेडर घेतल्यावर मिळणारा `__जीलिबसी__` आहे, पण तो कंपायलरचा नसून लायब्ररीचा. हेडर घेण्याआधी तपासला तर हमखास नाही म्हणेल. मसल ही दुसरी सी लायब्ररी तर स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रोच देत नाही, आणि ते मुद्दाम: लायब्ररीचं नाव बघून फाटे पाडण्यापेक्षा हवी ती सोय आहे का ते तपासा, असा त्यांचा आग्रह. त्रासदायक आहे, पण बाजू त्यांचीच बरोबर आहे.

अँड्रॉइडवर `__अँड्रॉइड__` आणि `__लिनक्स__` दोन्ही असतात. म्हणून अँड्रॉइड आधी. उलट क्रम लावला तर अँड्रॉइडचा बिल्ड डेस्कटॉप लिनक्सच्या फाट्यात शिरतो. बहुतेक कोड कंपायलही होतो, कारण कर्नल तोच आहे, आणि मग एखादं जीलिबसीचं फंक्शन लिंकच्या वेळी सापडत नाही. सोबत `__अँड्रॉइड_एपीआय__` मिळतो. तो टार्गेट केलेली किमान एपीआय पातळी सांगतो, फोनवर प्रत्यक्षात असलेली नव्हे.

आता ॲपल. हे खातं सगळ्यात किचकट, म्हणून इथे जरा थांबू. कंपायलर देतो ते `__ॲपल__` आणि `__मॅक__` (स्पेलिंग एम-ए-सी-एच). दुसरा मॅकिन्टॉशचा नव्हे, माख कर्नलचा, आणि जीएनयू हर्ड या सिस्टमवरही तो असतो, म्हणून एकटा `__मॅक__` पुरावा म्हणून धरू नये. `__ॲपल__` मॅकओएस, आयओएस, टीव्हीओएस, वॉचओएस या सगळ्यांवर असतो. म्हणजे या मॅक्रोच्या लेखी लॅपटॉप आणि घड्याळ एकच. पुढची विभागणी टार्गेटकंडिशनल्स या हेडरमध्ये आहे. ते हेडर इतर सिस्टमवर नसतं, म्हणून `__ॲपल__`च्या आतच इन्क्लूड करायचं.

त्या हेडरचे मॅक्रो वेगळ्या शिस्तीचे आहेत. ते नेहमी डिफाइन असतात. लागू असेल तर १, नसेल तर ०. म्हणून इफडेफने, म्हणजे 'डिफाइन आहे का' एवढंच बघून, तपासलं की घात. इफडेफ `टार्गेट_ओएस_आयफोन` हे मॅकवरही खरं ठरतं, कारण तिथे तो डिफाइन आहे, किंमत फक्त ० आहे. इथे साधा इफच हवा. दुसरा सापळा नावाचा: `टार्गेट_ओएस_मॅक` हा ॲपलच्या सगळ्याच प्लॅटफॉर्मवर १ असतो, आयफोनवरसुद्धा. खराखुरा मॅक ओळखायला `टार्गेट_ओएस_ओएसएक्स` आहे. तसंच `टार्गेट_ओएस_आयफोन` म्हणजे आयफोन नव्हे. त्यात टीव्हीओएस आणि वॉचओएसही येतात, आणि नेमका आयओएस हवा तर `टार्गेट_ओएस_आयओएस`. मॅक कॅटलिस्टचा, म्हणजे आयपॅडचं ॲप मॅकवर चालवण्यासाठीचा, बिल्ड केला की `टार्गेट_ओएस_आयओएस` आणि `टार्गेट_ओएस_मॅककॅटलिस्ट` दोन्ही १ आणि ओएसएक्सवाला ०, जरी प्रोग्राम मॅकवर चालणार असला तरी. नावं ठेवणाऱ्याने पुढे काय वाढून ठेवलंय याचा विचार केला नव्हता, एवढंच म्हणता येईल.

आणि हेडर घ्यायचंच विसरलात तर? इफमधला अनोळखी मॅक्रो ० धरला जातो. कंपायलरने ते स्वतः दिले नसतील तर सगळे फाटे खोटे ठरतात, आणि तो गप्प. जीसीसी आणि क्लँगमध्ये डॅश-डब्ल्यूअनडेफ हा इशारा यासाठीच आहे. ॲपलसाठी कोड लिहिणाऱ्याने तो चालू ठेवलाच पाहिजे.

अजून एक: मॅकओएसवर `__युनिक्स__` डिफाइन होत नाही. मॅकओएसला युनिक्सचं अधिकृत प्रमाणपत्र आहे, पण त्याचा कंपायलर हा मॅक्रो देत नाही. `__युनिक्स__` तपासून पॉझिक्सचा फाटा लिहिला की लिनक्स, बीएसडी, इतकंच काय सिगविनही आत येतं आणि मॅक तेवढा बाहेर राहतो. तपासणी नेहमी 'युनिक्स किंवा ॲपल-आणि-मॅक' अशी जोडीने लिहावी.

बीएसडींचं काम सरळ. `__फ्रीबीएसडी__` ची किंमत मुख्य आवृत्तीचा आकडा असते, १३ किंवा १४ असा. बारीक आवृत्ती हवी तर सिस/पॅराम हेडरमध्ये आहे. `__नेटबीएसडी__`, `__ओपनबीएसडी__` आणि `__ड्रॅगनफ्लाय__` यांना आपापलं नाव आहे. सिस/पॅराममध्ये नुसता `बीएसडी` असा एक मॅक्रोही मिळतो, पण तो मॅकवरही असल्याने नेमकी ओळख त्यातून होत नाही.

सोलारिसवर `__सन` सोबत `__एसव्हीआर४` बघावा, एआयएक्सवर `_एआयएक्स`, एचपी-यूएक्सवर `__एचपीयूएक्स`. हे ज्यांना लागतात त्यांना आधीच पाठ असतात. वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरमध्येही चालणाऱ्या बायनरी कोडसाठी, एमस्क्रिप्टेन हा कंपायलर `__एमस्क्रिप्टेन__` देतो आणि वर `__युनिक्स__`ही देतो, म्हणून तोही युनिक्सच्या आधी तपासायचा. ब्राउझरमध्ये फोर्क (नवी प्रोसेस काढणारा कॉल) नाही हे `__युनिक्स__` बघून कळत नाही. वासी, म्हणजे ब्राउझरबाहेरच्या वेबअसेंब्लीसाठी, `__वासी__`.

म्हणजे हा सगळा क्रमाचा खेळ आहे, आणि तो प्रोजेक्टमध्ये एकाच हेडरमध्ये एकदाच मांडावा. आधी एमस्क्रिप्टेन आणि सिगविन, मग `_विन३२`, मग अँड्रॉइड, मग लिनक्स, मग ॲपल आणि त्याच्या आत टार्गेटकंडिशनल्स, मग बीएसडी, आणि शेवटच्या एल्समध्ये #एरर. हा शेवटचा #एरर गाळणं म्हणजे 'बाकी सगळं लिनक्सच' असं गृहीत धरणं. उद्या कोणी तुमचा कोड हायकू या सिस्टमवर नेला तर त्याला स्पष्ट निरोप मिळाला पाहिजे, चुकीच्या सिस्टम कॉलने क्रॅश होणारा प्रोग्राम नव्हे.

प्रत्येक फाट्यात आपला स्वतःचा मॅक्रो १ करावा आणि बाकीचे ०, म्हणजे बाहेरच्या कोडमध्ये साधा इफ चालतो आणि डॅश-डब्ल्यूअनडेफ टायपिंगच्या चुकाही पकडतो. इथे एक शॉर्टकट मोह पाडतो: आपला मॅक्रो थेट `डिफाइन्ड(_विन३२)` या शब्दांनाच डिफाइन करायचा. तो करू नये. मॅक्रोच्या विस्तारातून डिफाइन्ड हा ऑपरेटर बाहेर आला तर काय व्हावं हे स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. जीसीसी आणि क्लँग आपल्या अपेक्षेप्रमाणे वागतात, मायक्रोसॉफ्टचा जुना प्रीप्रोसेसर प्रत्येक वेळी वागतोच असं नाही.

कंपायलर नक्की काय देतो हे बघायला दस्तऐवज चाळायची गरज नाही. जीसीसी किंवा क्लँगला डॅश, लहान डी, मोठा एम आणि दुसरा पर्याय डॅश, मोठा ई असे दोन पर्याय द्यायचे, इनपुट म्हणून रिकामी फाइल, की पूर्ण यादी स्क्रीनवर. कडक स्टँडर्डचा फ्लॅग लावून एकदा आणि न लावता एकदा अशा दोन याद्या काढून डिफ बघितला तर वरचं `लिनक्स` प्रकरण दोन मिनिटांत डोळ्यांसमोर येतं. क्लँगमध्ये आणखी मोठी सोय: टार्गेटचा पर्याय देऊन कोणत्याही सिस्टमची यादी त्याच मशीनवर काढता येते, त्या सिस्टमचा एसडीके नसला तरी, कारण रिकाम्या फाइलला हेडर लागत नाहीत. या एका गोष्टीसाठी क्लँगला जास्तीचे गुण. मायक्रोसॉफ्टने आपली यादी दस्तऐवजात एकाच पानावर मांडली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. प्रत्येक मॅक्रो कधी डिफाइन होतो, कधी नाही, हे तिथे नेमकं लिहिलेलं असतं.

जे मिळणार नाही तेही सांगितलं पाहिजे. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) बनवलेला प्रोग्राम म्हणजे शुद्ध लिनक्स. कोणताही मॅक्रो फरक सांगणार नाही. तिथे चालतोय का हे कळायला रनटाइमला युनेमने कर्नलच्या रिलीजची स्ट्रिंग घेऊन त्यात मायक्रोसॉफ्ट हे नाव शोधावं लागतं. वाइनखाली (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी प्रणाली) चालणारी एक्झी स्वतःला विंडोजवरचीच समजते. आणि लाँग किती बाइटचा, हा प्रश्न ओएसच्या मॅक्रोला विचारायचाच नसतो. ६४-बिट विंडोजवर तो ४ बाइटचा, ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा, हे खरं आहे, पण त्यासाठी नेमक्या रुंदीचे टाइप किंवा लिमिट्स हेडर आहे. एखादं हेडर आहे की नाही हे बघायला सी++१७ आणि सी२३ मध्ये `__हॅज_इन्क्लूड` आहे. ज्या प्रश्नाचं थेट उत्तर मिळतं तिथे ओएसवरून अंदाज बांधू नये.

न निवडलेल्या फाट्यातला कोड कंपायलच होत नाही, त्यामुळे तो कुजतो. विंडोजचा फाटा लिनक्सवाल्याने बदलला तर सेमिकोलन राहिला हेही त्याला कळत नाही. फाट्यात दहा-पंधरा ओळींपेक्षा जास्त काही येऊ लागलं की प्रत्येक ओएसची वेगळी सोर्स फाइल करून निवड बिल्ड सिस्टमवर सोपवावी. फक्त तिथली नावं या मॅक्रोंशी मिसळू नयेत. सीमेक या बिल्ड सिस्टमचं `युनिक्स` हे व्हेरिएबल मॅक आणि सिगविनवरही खरं असतं, आणि सीमेकचं `विन३२` खरं असलं म्हणून त्या नावाचा मॅक्रो सोर्समध्ये मिळेलच असं नाही.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर बूस्ट या सी++ लायब्ररी-संचातली प्रीडेफ लायब्ररी बघावी. ती बूस्ट १.५५ पासून, म्हणजे २०१३ पासून, आहे. फक्त हेडर आहेत, लिंक काही करायचं नाही, आणि सी मध्येही चालते. तिचे मॅक्रो नेहमी डिफाइन असतात. ओळख पटली नाही तर ०, पटली तर शून्येतर. इफडेफ वापरणाऱ्याला इथेही टार्गेटकंडिशनल्ससारखाच फटका बसतो. आवृत्ती कळत असेल तर ती एका संख्येत भरलेली असते: मुख्य आकडा गुणिले एक कोटी, दुय्यम गुणिले एक लाख, अधिक पॅच. पूर्ण प्रीडेफ घेण्याऐवजी फक्त ओएसचं हेडर घेतलं तर कंपायल हलकं राहतं. क्यूटी हे फ्रेमवर्क आधीच वापरत असाल तर क्यू_ओएसने सुरू होणारे मॅक्रो आहेतच, आणि तिथे क्यू_ओएस_युनिक्स मॅकवरही डिफाइन असतो, म्हणजे कंपायलरने केलेली ती एक गफलत त्यांनी निस्तरली आहे. अँड्रॉइडवर मात्र क्यू_ओएस_लिनक्सही डिफाइन होतो, तेव्हा क्रमाची काळजी तिथेही घ्यावी लागते.

गुण द्यायचे तर विंडोजला पाचपैकी साडेचार, लिनक्सला चार, बीएसडींना चार, ॲपलला अडीच. ॲपलचे गुण माहिती कमी मिळते म्हणून कापलेले नाहीत. माहिती भरपूर आहे, नावं दिशाभूल करतात.